बापूंच्या नावावर नानाची मोटारसायकल

रघुनाथ सदाशिव मोघे यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बँकेचं शटर वर गेल्या गेल्या. जागा, ब्रँच मॅनेजरची काचेची केबिन. करणारे तीन: त्यांची स्वतःची बँक, एक फायनान्स कंपनी आणि एक क्रेडिट ब्युरो. तिघांपैकी एकानेही आजवर माफी मागितलेली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

रघुनाथ मोघे म्हणजे आमचे बापूकाका. गंगेवरच्या दुर्गाघाटावर राहतात, शाळेत संस्कृत शिकवतात. त्यांच्या शर्वरीला पुण्याच्या एका कॉलेजात फिजिओथेरपीची सीट मिळाली होती. फी गणेशचतुर्थीच्या आत भरायची, नाहीतर सीट पुढच्या नंबरवाल्याला. म्हणून एज्युकेशन लोनचा अर्ज. लोन मुलीच्या नावावर असलं तरी बाप को-ॲप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार असतो, आणि बँक आधी बापाची पत बघते.

मॅनेजरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"मास्टर साहब, आपने बाइक का लोन लेकर छोड़ दिया है."

"मैंने?"

"रघुनाथ मोघे, दुर्गाघाट. आप ही हैं न? किस्त कब की बंद है. राइट-ऑफ दिखा रहा है."

"अरे भैया, मुझे तो साइकिल चलानी नहीं आती."

"चलानी न आती हो, लेनी तो आती है."

बाहेर रांगेत उभे असलेले हसले. त्यातला एक त्यांचाच जुना विद्यार्थी होता. हे बापूकाकांनी मला स्कोअरच्या आधी सांगितलं.

बँकेतून ते थेट आमच्या ग्राहक मदत केंद्रात आले. मी तिथे काम करते. लोकांच्या तक्रारी लिहून द्यायच्या, ऑनलाइन भरून द्यायच्या, आणि उरलेल्या वेळात चौकात पत्रकं वाटायची. केंद्र चालवतात मिश्राजी. त्यांची हयात बँकेत गेली, त्यामुळे बँकेवर त्यांचा बिलकुल विश्वास नाही.

ज्यांनी कधी कर्ज घेतलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. क्रेडिट ब्युरो म्हणजे कंपनीच. तुम्ही कुठे कर्ज काढलं, हप्ता भरला, चुकवला, की कर्ज देणारा ते ब्युरोला कळवतो. ब्युरो ते तुमच्या नावाखाली गोळा करतो, तो रिपोर्ट. त्यावरून तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा काढतो, तो स्कोअर. साडेसातशेच्या वर असलात की बँकवाला चहा मागवतो. सहाशेच्या खाली गेलात की बसा म्हणत नाही. हे सगळं लिहिताना तुम्हाला कोणी विचारत नाही. चुकीचं लिहिलं तर ते खोडायला मात्र तुम्हीच धावायचं. आणि राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. हे पैसे आता येत नाहीत असं धरून कंपनीने हिशेबाबाहेर टाकलेलं कर्ज. वसुली चालूच राहते, आणि डागही.

वर्षातून एकदा प्रत्येक ब्युरोने तुमचा पूर्ण रिपोर्ट तुम्हाला फुकट द्यायचा, असा नियम आहे. बापूकाकांना तो माहीत नव्हता. मॅनेजरला असणारच. त्याने सांगितला नाही.

आम्ही रिपोर्ट काढला. आत एकच खातं, मोटारसायकलचं कर्ज. नाव रघुनाथ मोघे. जन्मसाल बापूकाकांचं. पत्ता त्यांच्याच घराचा. पॅन नंबरची जागा कोरी.

"काका, पॅनच नाही म्हणजे मशीनने नाव, साल आणि पत्ता जुळवून हे तुमच्या गळ्यात बांधलंय. ह्या पत्त्यावर दुसरं कोणी आहे का, ह्याच नावाचं?"

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"नाही."

"नीट आठवून सांगा."

"नाही म्हटलं ना, चित्रा."

मी तक्रार लिहायला घेतली. चांगली खरमरीत पानभर झाली. सामान्य माणसाची अप्रतिष्ठा, नफेखोर कंपन्या, सगळं आलं. मिश्राजींनी वाचली आणि हसले.

"बिटिया, यह पर्चा है. शिकायत नहीं है. लिखो, 'यह खाता मेरा नहीं है.' नीचे पैन नंबर. बस."

तसंच पाठवलं. ह्याला डिस्प्यूट म्हणतात. नियमाने तीस दिवसांत निकाल द्यावा लागतो, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाची भरपाई. नियम चांगला आहे. पण नागपंचमी ते चतुर्थीसुद्धा महिनाच असतो.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. ब्युरो स्वतः काहीच तपासत नाही. तो कर्ज देणाऱ्याला विचारतो, "हे बरोबर आहे का?" तिथे बसलेला माणूस फाइल न उघडता "बरोबर" वर क्लिक करतो. तो क्लिक आमच्याकडे पोचला तेव्हा श्रावण अर्धा सरला होता. उत्तरात एकच कामाचा शब्द होता: व्हेरिफाइड. पडताळलेलं आहे.

मी बापूकाकांना घेऊन फायनान्स कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर माझ्याच वयाचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात दोन फोन.

"आपका नहीं है तो किसका है?"

"ते शोधायचं काम तुमचं आहे," मी हिंदीत सुनावलं. "अर्जावरचा फोटो दाखवा. सही दाखवा."

"फाइल हेड ऑफिस में है."

"मग व्हेरिफाइड कशावरून लिहिलंत?"

"मैडम, सिस्टम में नाम, पता, सब मैच है." मग तो बापूकाकांकडे वळला, एकदम गोड आवाजात. "पंडितजी, उस घर में कोई और रघुनाथ मोघे हो तो नाम बता दीजिए. हम उसको पकड़ लेंगे, आप छूट जाएँगे."

बापूकाका खिडकीबाहेर बघत होते.

"नहीं? तो सेटलमेंट कर लीजिए. आधा भर दीजिए, आज ही बंद कर देता हूँ."

आणि बापूकाकांचा हात पिशवीकडे गेला. त्या पिशवीत शर्वरीच्या फीसाठी जमवलेले पैसे होते. मी त्यांचं मनगट धरलं.

"काका, भरायचं नाही. भरलं की कबूल केलं. आणि रिपोर्टात 'सेटल्ड' पडेल, म्हणजे पूर्ण फेडलं नाही, तडजोड केली. तोही डागच. तुमची बँक तरीही लोन देणार नाही."

"पण हे मिटेल ना?"

"तुम्ही न घेतलेलं कर्ज तुम्ही का मिटवायचं?"

त्यांनी पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं असं म्हणण्यात अर्थ नाही. खटकलं होतं. मी त्याला भोळेपणा समजले.

पुढच्या तक्रारीला पत्त्याचा पुरावा हवा होता, म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. वर शर्वरीची आई बॅग भरत होती, तिचा आवाज येत होता. खालच्या खोलीत माई तांदूळ निवडत बसल्या होत्या. माई म्हणजे बापूकाकांच्या चुलती.

"कोणाकडे गं?"

"बापूकाकांकडे. बँकेचं काम आहे. माई, ह्या घरात दुसरे कोणी रघुनाथ मोघे राहायचे का हो कधी?"

माईंनी ताट खाली ठेवलं.

"हळू बोल की जरा. मामंजींचं नाव आहे ते."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असेल? घरात कोणी घेतलंय कधी? मामंजी गेले आणि त्याच साली थोरल्या जाऊबाईंना मुलगा झाला. नाव त्यांचंच ठेवलं. चार महिन्यांनी मला झाला. मी म्हटलं, माझ्या मुलालाही तेच. मामंजी काय एकट्या थोरल्यांचे होते?" माई हसल्या. "ठेवलं खरं. पण हाक कशी मारणार? सासऱ्याचं नाव घेऊन पोराच्या पाठीत धपाटा घालायचा? म्हणून त्यांचा तो बापू, आणि माझा नाना."

मी उभीच राहिले. त्या घरात दोन रघुनाथ मोठे झाले होते आणि दोघांची नावं कोणाच्या कानात एकमेकांवर आपटलीच नव्हती. महाराष्ट्रात हे कोणाच्या लक्षात आलं नसतं तरी बिघडलं नसतं, कारण तिथे नाव तीन मजली असतं. एक रघुनाथ सदाशिव, दुसरा रघुनाथ श्रीधर. बापाचं नाव मध्ये उभं राहतं. आमच्याकडे काउंटरवरचा माणूस म्हणतो, "पिताजी का नाम नाम में काहे घुसा रहे हैं? उसका खाना अलग है." आणि मधलं नाव काढून टाकतो. आम्हीही काढू देतो. माझ्या स्वतःच्या आधार कार्डावरही ते नाही.

"नाना कुठे असतात, माई?"

"कानपूरला. कंपनीत आहे. दर महिन्याला पैसे पाठवतो हो माझ्यासाठी, बापूच्या हातात. स्वतःची मोटारसायकल घेतलीय. थांब, फोटो दाखवते."

त्यांनी फोन पुढे केला. नाना, काळी मोटारसायकल, टाकीवर झेंडूची माळ. माईंनी तो फोटो बोटांनी मोठा करून दाखवला, आधी गाडी, मग नाना.

मी वर बघितलं. जिन्यात बापूकाका उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही, म्हणून.

आम्ही पंचगंगा घाटापर्यंत चालत गेलो. गंगा चढलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात. नाववाले दोर वर बांधून बिड्या ओढत बसले होते.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं.

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू पत्रकं वाटतेस, चित्रा. तुझ्या पोटात काय राहतं?"

हे लागलं मला.

"नानाची नोकरी केव्हाच सुटली," ते म्हणाले. "गाडी कंपनीवाल्यांनी उचलून नेली. विकून जे आलं त्यात कर्ज फिटलं नाही. माईंचे पैसे मी देतो, त्याचे म्हणून."

"नानाकाकांना एक ओळ लिहून द्यायला सांगा. 'हे कर्ज माझं आहे, चुलतभावाचं नाही.' खाली पूर्ण नाव, सही. मी उद्याच त्या फायनान्सच्या पट्टेवाल्याच्या टेबलावर नेऊन आपटते. अजून वेळ आहे."

"ती फाइल आज धूळ खातेय. उद्या उघडली की वसुलीवाले कुठे जातील? कर्जावर पत्ता कुठला आहे?"

"इथला."

"दार कोण उघडतं?"

खालच्या खोलीत माईच असतात. दार त्याच उघडतात.

"आणि शर्वरी? तिला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? सीट पुढच्या वर्षीही मिळेल."

"परीक्षा परत द्यावी लागेल, काका."

"हुशार आहे ती."

मी भांडले. शाळेत संस्कृत शिकवून हेच शिकलात का, इथपर्यंत बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "तुझा नियम काय म्हणतो? कर्ज कोणाचं आहे हे मी सांगायलाच हवं का?"

"नाही. माझं नाही एवढंच पुरे."

"मग मी तेवढंच सांगतो. तू नियमाने लढ."

नियम पूर्णपणे त्यांच्या बाजूचा होता. आपल्या चुलतभावाला पकडून दिल्याशिवाय निर्दोष माणसाची सुटका नाही, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण तो पट्टेवाला कायद्यापेक्षा मोठा होता, कारण त्याच्याकडे वेळ होता आणि आमच्याकडे नव्हता.

आम्ही लढलो. अर्जाची, फोटोची, सहीची प्रत मागितली. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. बँकेच्या मॅनेजरला लेखी कळवलं की खातं वादात आहे, मुलीचा अर्ज अडवू नका. तो म्हणाला, "मैं समझता हूँ. सिस्टम नहीं समझता." कंपनीकडून पुन्हा तेच उत्तर आलं, व्हेरिफाइड. माझा जीव जळत होता. मला खरं माहीत होतं, पण ते गुपित माझं नव्हतं. ते मी कसं उघडणार?

चतुर्थीला आमच्याकडे गणपती बसले. दुपारी शर्वरी आली, प्रसादाची वाटी घेऊन.

"ताई, मेल आला. सीट कॅन्सल."

"कळलं मला."

"बाबा म्हणतात कंप्युटरची चूक आहे." ती वाटीतलं खोबरं चिवडत होती. "कंप्युटरवर कोणी ओरडत नाही का?"

"मी ओरडले."

"आई बॅग रिकामी करत नाहीये. म्हणते राहू दे. आता मी रोज कपडे बॅगेतून काढून घालते."

तिला मी काही सांगितलं नाही. तिच्या बापाने सांगायला हवं होतं.

महिना उलटला तशी आम्ही बँकिंग लोकपालाकडे तक्रार नेली. बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्ध तिथे दाद मागता येते, फुकट. लोकपालाची नोटीस गेल्यावर कंपनीने प्रथमच स्वतःची फाइल उघडली. आत फोटो नानाचा होता. वडिलांच्या नावाच्या खान्यात श्रीधर लिहिलं होतं, अगदी सुवाच्य. चहा पिता पिता व्हावं एवढं काम. दिवाळीच्या सुमारास खातं बापूकाकांच्या रिपोर्टातून गेलं. पत्र आलं: आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. उशिराची भरपाईही जमा झाली. तेवढ्यात पुण्याचं तिकीट आलं असतं.

ह्यावर कडी म्हणजे, खोटं कर्ज गेल्यावर बापूकाकांना स्कोअरच उरला नाही. त्यांनी जन्मात कर्ज घेतलं नव्हतं, त्यामुळे ब्युरोच्या लेखी ते माणूस म्हणून कोरे. मिश्राजी म्हणाले, "मास्टर साहब, पहले आप बदनाम थे. अब आप हैं ही नहीं." मग त्यांच्याच सल्ल्याने बापूकाकांनी एफडीवर एक छोटं क्रेडिट कार्ड घेतलं. त्यावर फक्त विजेचं बिल भरायचं आणि कार्डाचे सगळे पैसे तारखेच्या आत चुकते करायचे. थोडी रक्कम भरून बाकीची पुढे ढकलायची नाही. आज त्यांचा स्कोअर उत्तम आहे. आमच्या केंद्राच्या दृष्टीने ही केस जिंकलेली केस आहे. मिश्राजींनी फाइलवर तसं लिहिलंय.

पण कर्ज एका रघुनाथवरून निघालं म्हणजे दुसऱ्यावर जाऊन बसलं. पत्ता तोच.

कार्तिकात एका सकाळी माई मंगला गौरीचं दर्शन घेऊन परत येत होत्या. दारात दोन माणसं उभी. त्यांच्याकडे आता पूर्ण, दुरुस्त केलेली माहिती होती. त्यांनी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "श्रीधर मोघे का लड़का रघुनाथ, यहीं रहता है?"

नवऱ्याचं नाव आणि सासऱ्याचं नाव. दोन्ही माईंनी जन्मभर तोंडातून काढली नव्हती. ती दोन परकी माणसं त्यांच्या दारात ओरडून घेत होती, आणि पुढे मोटारसायकल, हप्ते, पोलिसात देऊ, असं बरंच काही.

मी पोचले तेव्हा ती माणसं गेली होती. माई पायरीवर बसल्या होत्या, पूजेची परडी मांडीवर. बापूकाका समोर उभे.

"तुला माहीत होतं?" माईंनी विचारलं.

"हो, माई."

"आणि महिन्याचे पैसे?"

बापूकाकांनी त्यांच्या मांडीवरची परडी घ्यायला हात पुढे केला.

"पोरीची सीट ह्याच्यापायी गेली?"

जिन्यात शर्वरी होती. तिने सगळं ऐकलं.

"मला कोणी विचारलं होतं का रे, मला सांभाळा म्हणून?" माई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "तिला तरी विचारलंस? मी स्वतः जाऊन सांगितलं असतं त्या मेल्यांना, की कर्ज माझ्या मुलाचं आहे. माझी जीभ काय नुसती नावं न घेण्यासाठी दिलीय देवाने?"

त्या संध्याकाळी माईंनी नानाला फोन लावला. घरी ये, म्हणाल्या. तो अजून आलेला नाही. फोटोतली मोटारसायकल त्यांनी फोनमधून काढली की नाही, मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

शर्वरीने यंदा पुन्हा परीक्षा दिली. नंबर लागला नाही. इथल्याच कॉलेजात बीएस्सीला आहे. बापाशी बोलते, पण कामापुरतं.

मला आजही वाटतं की बापूकाकांनी चूक केली. त्याहून जास्त मला असं वाटतं की ती चूक करायची वेळ त्यांच्यावर यायला नको होती. तीन कंपन्यांपैकी एकीने एकदा फाइल उघडली असती, तर एका संस्कृतच्या मास्तराला मुलगी आणि चुलती यांच्यात निवड करावी लागली नसती.

आता तुमच्याकडे मागणी. हळहळ नको आहे मला. तुमच्यातले जे बँकेत, फायनान्स कंपनीत नोकरीला आहेत, त्यांनी फोटो बघितल्याशिवाय "व्हेरिफाइड"वर क्लिक करायचं नाही. साहेब घाई करत असला तरी नाही. बाकीच्यांनी प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आपल्या नावातच लिहायचं, आणि काउंटरवाल्याने खोडलं तर नवा फॉर्म मागायचा. आणि रिपोर्ट काढायचा. कर्ज लागेल तेव्हा नाही. तेव्हा उशीर झालेला असतो. हे वाचून झाल्यावर, फोन हातात आहेच, आज काढा. नाव, पत्ता, पॅन, एकेक खातं बघा. तुमचं नसलेलं काही दिसलं तर आजच लिहा, "हे खातं माझं नाही." आणि ते कोणाचं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ज्याच्या भल्यासाठी तुम्ही गप्प बसणार आहात, त्याला आधी विचारा.